स्वप्नात एक्साइटमेंट वाटते म्हणजे नक्की काय वाटतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर सांगता येईल. वय ३८, राहायला डोंबिवली, ऑफिस बीकेसीत, झोपायला रात्रीचे बारा होतात आणि सव्वापाचला अलार्म. गेले दोन-अडीच महिने पहाटे एकाच प्रकारचं स्वप्न पडतं, तुम्ही कुठल्यातरी स्टेशनवर बॅग घेऊन उभे आहात, गाडी यायचीय, जायचंय कुठे ते माहीत नाही पण आतून प्रचंड एक्साइटमेंट आहे, अंगावर काटा येण्याइतकी. कधी कधी कॉलेजमधली एक मैत्रीण पण बाजूला उभी असते. गाडी काही येत नाही, जाग येते, छाती धडधडत असते, आणि मग दात घासताना एकदम सगळं फिकं वाटायला लागतं. रविवारी हे जास्त होतं. मिसेसना सांगितलंत तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की ती कोण, तेव्हापासून तुम्ही घरी सांगणंच बंद केलंत. आणि आता विचारताय की याचा अर्थ मी सुखी नाही असा होतो का, नोकरी सोड असं मन सांगतंय का, की हा काही आजार आहे.

मी दादरला गेली २१ वर्षं समुपदेशन करते. स्वप्नासाठी म्हणून माझ्याकडे जवळजवळ कोणीच येत नाही, लोक येतात झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून, घरात पटत नाही म्हणून. स्वप्न निघतं तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, तेही उठून दाराशी चप्पल घालताना, "मॅडम अजून एक होतं, सांगू का, तुम्हाला काहीतरीच वाटेल" असं करत. तेव्हा मी पुढच्या माणसाला पाच मिनिटं थांबवते आणि त्यांना परत बसवते, कारण जे दाराशी सांगितलं जातं ते बहुतेक वेळा बऱ्याच दिवसांपासून सांगायचं राहिलेलं असतं. तुमच्या प्रश्नातलं "दात घासताना" हे वाक्य मला तसंच वाटलं.

तुम्ही विचारलंय स्वप्नाचा अर्थ, पण स्वप्नाचा तुम्हाला त्रास नाहीये, स्वप्न उलट छान आहे, त्रास होतोय तो नंतरच्या त्या दहा मिनिटांचा. त्यामुळे गाडी म्हणजे काय, बॅग म्हणजे काय, असा एकेका वस्तूचा अर्थ मी लावणार नाही. यूट्यूबवर तसं सांगणारे भरपूर आहेत, पण डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाच्या स्वप्नात स्टेशन नाही येणार तर काय येणार, शेतकऱ्याच्या स्वप्नात बांध येतो तसंच ते. मन चित्रं रोजच्या सामानातून उचलतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे असं आपण म्हणतो, आणि स्वप्नांवर संशोधन करणारे बरेच लोक आज तिथेच आलेत, की जागेपणीच्या काळज्या आणि ओढी झोपेत पण चालू राहतात. मी फक्त "दिसे" च्या जागी "वाटे" म्हणते. दिसणारं स्टेशन कुठलंही असू शकतं, पण वाटलेलं बहुतेक वेळा तुमचंच असतं.

आधी शरीराचं बघू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. झोप रात्रभर एकसारखी नसते, साधारण ९० मिनिटांची एक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या होतात. फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो ज्यात पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, त्याला आरईएम झोप म्हणतात, १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती पहिल्यांदा नीट नोंदवली. गोष्टीसारखी, भावनेने भरलेली स्वप्नं जास्त करून याच टप्प्यातली. हा टप्पा रात्रीच्या सुरुवातीला जेमतेम पाच-दहा मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे वाढत वाढत अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्या आज्या सांगायच्या त्याचं मूळ इथेच असावं असं मला वाटतं, पहाटेची स्वप्नं लांब असतात, ठसठशीत असतात आणि त्यातूनच जाग येत असल्यामुळे लक्षातही राहतात.

या टप्प्यात मेंदूचा भावनांचा भाग, अमिग्डाला आणि त्याच्या आजूबाजूचा, जोरात काम करत असतो, आणि कपाळामागचा तो भाग जो जागेपणी "थांब, तिकीट काढलंय का, जायचंय कुठे ते तरी बघ" असं विचारतो तो मंदावलेला असतो. १९९० च्या दशकात झोपलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन काढले तेव्हा हे दिसून आलं. नाडी आणि श्वास कमीजास्त होत असतात पण हातपायांचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणजे इंजिन रेस होतंय आणि गाडी न्यूट्रलवर. म्हणून नुसती बॅग घेऊन उभं राहण्याची एवढी एक्साइटमेंट वाटते, जागेपणी त्याच बॅगेने तुम्हाला काहीच वाटलं नसतं.

आणि रविवारचं कोडं तर अगदी सोपं आहे. सव्वापाच तास झोपता म्हणजे शेवटची फेरी, जिच्यात आरईएम सगळ्यात जास्त, ती रोज कापली जाते. मेंदू ही उधारी विसरत नाही, संधी मिळाली की वसूल करतो, आणि तुमची संधी म्हणजे रविवारी सकाळी नऊपर्यंतची झोप. तेव्हा स्वप्नं जास्त येतात आणि जास्त जोरदार येतात. म्हणजे स्वप्नाची तीव्रता हा तुमच्या बाबतीत बराचसा झोपेच्या तुटीचा हिशोब आहे, आयुष्याबद्दलचा निकाल नाही. नोकरी सोडायचा विचार यावर तर अजिबात करू नका.

पण तीव्रता झोपेमुळे असेल, ती भावना तीच का, भीती का नाही, राग का नाही, हे उरतंच. अमेरिकेत कॅल्व्हिन हॉल या मानसशास्त्रज्ञाने हजारो स्वप्नं जमवून मोजदाद केली होती, त्यात भीती, राग, दुःख अशा भावना आनंदापेक्षा जास्त निघाल्या होत्या. म्हणून कोणी सांगितलं की मला स्वप्नात उत्साह वाटतो तर मी कान टवकारते. आणि पहिलं काम हे करते की एक्साइटमेंट हा शब्द बाजूला ठेवायला सांगते. मराठीत सांगा म्हणते.

लोक अडखळतात, अगदी दादर-पार्ल्यात वाढलेले सुद्धा. पण विचार करा, आपल्याकडे उत्साह आहे, उत्सुकता आहे, हुरूप आहे, लगबग आहे, अधीरता आहे, ओढ आहे, हुरहूर आहे, धाकधूक आहे, थरार आहे, खळबळ आहे, उत्तेजना आहे. एक्साइटमेंट या एका शब्दाखाली हे सगळं खपून जातं. छातीची धडधड यातल्या प्रत्येकात जवळपास सारखीच असते, शरीर एकच भाषा बोलतं, त्यामुळे धडधडीवरून काही कळत नाही, नेमक्या शब्दावरून कळतं.

एक काका यायचे, बस कंडक्टर म्हणून रिटायर होऊन सात-आठ महिने झाले होते (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). स्वप्न असं की बस गच्च भरलीय आणि त्यांना पुढच्या दारापर्यंत पोचायचंय. म्हणाले मॅडम फार एक्साइटमेंट असते. मी मराठी शब्द विचारला तर बराच वेळ गप्प, खिडकीकडे बघत बसले, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता, अंगठा आणि दोन बोटं, टिक टिक, टिक टिक, तिकिटाचा जुना पंच वाजवायची सवय, त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. मग म्हणाले, "लगबग". आणि डोळे भरून आले. घरात सगळं ठीक होतं, मुलगा-सून चांगले, पण चहा आठला घेतला काय किंवा दहाला घेतला काय, कुणाचं काही अडत नव्हतं. सुख होतं, लगबग नव्हती. आम्ही काही मोठा उपाय केला नाही, त्यांनी बिल्डिंगमधल्या दोन मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम अंगावर घेतलं, सात वाजून दहा म्हणजे सात वाजून दहा. महिन्याभराने आले ते शर्टाला इस्त्री करून.

आणि याच्या अगदी उलट, सीएच्या फायनलला बसलेली एक मुलगी. स्वप्नात स्टेजवर तिचं नाव पुकारतात, टाळ्या पडतात, ती पायऱ्या चढत असते. ती पण एक्साइटमेंटच म्हणाली, हसत हसत म्हणाली. मराठीत सांग म्हटल्यावर हसू गेलं आणि म्हणाली "पोटात गोळा". घरात सगळे सांगायचे टेन्शन घेऊ नकोस, एन्जॉय कर, त्यामुळे भीतीला भीती म्हणायची सोयच नव्हती, तिचं नाव एक्साइटमेंट ठेवलं गेलं होतं. काकांना जास्त धावपळ हवी होती, हिला कमी. एकाच इंग्रजी शब्दावरून मी दोघांना एकच सल्ला दिला असता तर एकाचं तरी नुकसान केलं असतं.

तुमचं स्वप्न वाचून मला जे सगळ्यात आधी जाणवलं ते म्हणजे त्यात काही मिळत नाही, वाट बघणंच आहे. पोचण्याचा आनंद वेगळा आणि निघण्याचा वेगळा. गणपतीच्या आदल्या रात्री मखर करत बसतो ना, गोंदाने बोटं चिकटलेली, रात्रीचा एक वाजलाय, लाइटची माळ लागत नाहीये, आणि तरी जी मजा असते ती मूर्ती पाटावर बसल्यावर शांत होते. वाट बघण्याची मजा मेंदूत वेगळी चालते, डोपामिन नावाचं रसायन त्यात महत्त्वाचं, ते मिळाल्यापेक्षा मिळणार आहे याला जास्त धावतं. मार्क सोल्म्स या दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञाने मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरून असं मांडलं की स्वप्न पडायला हीच शोधाची, ओढीची यंत्रणा लागते. याच्याशी सगळे सहमत नाहीत. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली या दोन संशोधकांनी म्हटलं होतं की मेंदूच्या तळाकडच्या भागातून वर येणाऱ्या संदेशांची मेंदू जमेल तशी गोष्ट रचतो, फ्रॉइडने त्याच्या कितीतरी आधी प्रत्येक स्वप्नात लपलेली इच्छा शोधली, युंग या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की जागेपणी जे अपुरं पडतं त्याची स्वप्न भरपाई करतं. आपल्याकडे चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार दिलेत, बघितलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं असे पाच आधी, आणि त्या पाचांवरून भविष्य बघू नये असंही सांगितलंय. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्ष कामात मला युंगचं भरपाईचं म्हणणं आणि ओढीच्या यंत्रणेचं म्हणणं सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय.

म्हणून तुम्हाला माझा प्रश्न असा आहे की जागेपणी तुम्ही शेवटची कशाची वाट कधी बघितली होती? सुट्टीची नाही, शनिवारची नाही, ती सुटका झाली. अशी वाट की जिच्यामुळे आदल्या रात्री झोप उशिरा लागली. अडतिशीत कितीतरी लोकांना याचं उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात आणि मग पाच-सहा वर्षांपूर्वीचं काहीतरी सांगतात. म्हणजे आयुष्य वाईट आहे असं नाही, ईएमआय, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं यात पुढचं सगळं ठरलेलं असतं, आणि ठरलेल्याची वाट बघता येत नाही. तुमच्या बाबतीत हे असेल किंवा नसेल, तुमचा शब्द "ओढ" निघाला तर असेल, "हुरहूर" निघाला तर मागे काहीतरी सुटलंय का ते बघावं लागेल, आणि "धाकधूक" निघाला तर ऑफिसमध्ये काही बदल व्हायचाय का, ट्रान्सफर, नवा बॉस, असं काही, तिथे बघा.

आता त्या मैत्रिणीबद्दल, कारण यामुळे घरात बोलणं बंद झालंय आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. १९७४ मध्ये डटन आणि अॅरन यांनी कॅनडात एक प्रयोग केला होता, उंचावरच्या हलत्या झुलत्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. पक्क्या, कमी उंचीच्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा हलत्या पुलावर भेटलेल्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. पुलामुळे झालेल्या धडधडीचा काही भाग तिच्या नावावर जमा झाला. हा जागेपणीचा प्रयोग आहे, पण स्वप्नात तर धडधड आधीच चालू असते आणि मन तिला साजेसं माणूस शोधतं. कॉलेजच्या काळातली व्यक्ती येते कारण तेव्हा सगळंच अजून व्हायचं होतं. बहुतेक वेळा ओढ त्या वयाची असते, त्या माणसाची नाही. कोणी हे वाचत असेल आणि स्वप्नातली उत्तेजना लैंगिक असेल तर एवढं लक्षात घ्या की आरईएम झोपेत स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात तसे बदल आपोआप होतात, स्वप्न कशाचंही असो, त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

मिसेसना परत सांगा, पण सुरुवात स्टेशनवर कोण होतं तिथून नको. "मला कुठेतरी निघायची ओढ लागलीय असं वाटतंय" इथून करा. मी कितीतरी जोडप्यांमध्ये बघितलंय, पात्रांपासून सुरुवात केली की चौकशी सुरू होते, भावनेपासून केली की समोरचाही म्हणतो "मला पण".

इतकं सांगितलं तरी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिल्या नाहीत. काही गोळ्या चालू आहेत का, किंवा मध्ये बंद केल्यात का? डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या आरईएम दाबतात आणि अचानक सोडल्या की स्वप्नांचा लोंढा येतो, प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने, म्हणजे ब्लड प्रेशर किंवा धडधडीसाठी देतात त्या गोळ्यांनी, पण स्वप्नं जोरदार होतात. रात्री ड्रिंक घेता का, दारू पहिल्या अर्ध्या रात्री आरईएम दाबते आणि पहाटे ती उसळून येते. घोरणं आहे का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो असं घरचे म्हणतात का, तर छातीची धडधड त्यातली असू शकते आणि ते डॉक्टरांना दाखवायला हवं. दिवसाही धडधड, दम लागणं, छातीत दुखणं असेल तर आधी फिजिशियन, मी नंतर. कोणी स्वप्नाबरोबर खरंच हातपाय झाडत असेल, ओरडत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर न्यूरोलॉजिस्टकडे जावं, ते नुसतं स्वप्न नसतं. आणि एक्साइटमेंट झोपेतून दिवसात उतरली, तीन-चार तास झोपून पण थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, असं झालं तर सायकियाट्रिस्टकडे त्याच आठवड्यात. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही म्हणून मला आजार वाटत नाही.

फिकेपणाचं मात्र नीट बघा. अर्धवट झोपेतून अलार्मने ओढून काढलं की अर्धा-एक तास मेंदू जडच असतो, त्यात नुकताच एवढा रंगीत अनुभव संपलेला, मग बाथरूमची टाइल्स फिकीच दिसणार. पहिला चहा होईपर्यंत, गाडीत ग्रुप भेटेपर्यंत ते विरत असेल तर काळजी नको. पण संध्याकाळपर्यंत राहत असेल, आवडत्या गोष्टीत पण रस वाटत नसेल आणि असं दोन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याचा स्वप्नाशी संबंध जोडत बसू नका, कोणालातरी भेटा. लगेच भेटायला जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

करायचं काय ते सांगते. झोप आधी वाढवा, रोज निदान पाऊण तास, रात्रीचा मोबाइल त्यातला अर्धा तास तरी परत देईल. अलार्म झाला की फोन उघडू नका, त्याच कुशीवर डोळे मिटून एक मिनिट पडून राहा, कूस बदलली की स्वप्न निसटतं. मग वहीत तीनच गोष्टी, मराठी शब्द, ती भावना शरीरात कुठे होती, आणि गेल्या आठवड्यात जागेपणी तशी कधी वाटली होती का. गोष्ट लिहायची गरज नाही, अर्थ तर अजिबात लिहू नका. पंधरा दिवस पुरे.

आणि एका रविवारी, दुपारी, पूर्ण जागे असताना डोळे मिटून ते स्टेशन परत आणा आणि या वेळी गाडी येऊ द्या. घाई करू नका, इंडिकेटरवर काय लिहून येतं ते बघा, डब्यात कोण आहे, तुम्ही चढता का, की बॅग घेऊन तिथेच उभे राहता. माझ्याकडे एकाने असं केलं तेव्हा गाडीत चढायच्या आधी त्याने बॅग उघडून बघितली, त्यात त्याचा बाराव्या वर्षीचा तबल्याचा हातोडा होता. तो काही आता तबलजी झाला नाही, पण बुधवारी क्लासला जातो आणि मंगळवारपासून वाट बघतो.

पंधरा दिवसांनी इथेच लिहा. शब्द कोणता निघाला तो आधी लिहा, स्वप्न नंतर.